सुट्या भागाचं माप कुणाच्या मालकीचं?

जुना कॅसेट डेक बंद पडतो तेव्हा मोटर सहसा चांगली असते, हेड चांगलं असतं, ॲम्प्लिफायरही वाजत असतो. गेलेला असतो नखाएवढा प्लॅस्टिकचा गिअर किंवा विरघळून डांबर झालेला रबरी बेल्ट. सीडी प्लेअरचा ट्रे बाहेर येत नाही, कारण आतला बेल्ट ताणून सैल झालेला. एलसीडी टीव्हीचा लाल दिवा लुकलुकतो आणि पडदा उजळत नाही, कारण पॉवर सप्लायमधले एक-दोन कंडेन्सर फुगलेले. बाकी सगळं शाबूत असूनही वस्तू भंगारात जाते, कारण दुकानदार म्हणतो, "याचा पार्ट येत नाही आता."

हे वाक्य अर्धंच खरं आहे. कंपनीच्या पाकिटातला पार्ट येत नाही, हे खरं. पण त्या जागी बसेल असा भाग बहुतेक वेळा बाजारात असतो किंवा करून घेता येतो. मिळत नाही ती त्याची माहिती: नंबर, माप, पायांचा क्रम, कुठला भाग कशाच्या बदल्यात चालेल याची नोंद. दुरुस्तीच्या हक्काची जी चर्चा आपल्याकडे चालू आहे, ती कंपन्यांनी पार्ट किती वर्षं विकावेत या प्रश्नाभोवती फिरते. जुन्या उपकरणांसाठी त्याहून मोठा प्रश्न असा, की कंपनीने पार्ट विकणं थांबवल्यावर त्या भागाची माहिती कुणाची? ती सार्वजनिक झाली पाहिजे आणि त्यासाठी कायद्यात थोडीच भर घालावी लागेल, असं माझं ठाम मत आहे.

आधी बाजार कसा चालतो ते पाहू. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "नंबर?" नंबर सांगितला की पाच मिनिटांत पुडी हातात. 'टेपच्या आतला छोटा काळा पार्ट' असं सांगितलं तर कुणीही मदत करू शकत नाही, आणि त्यात दुकानदाराचा दोष नाही. ट्रान्झिस्टर, आयसी, डायोड यांच्या नंबरांची एक जगभर चालणारी शिस्त आहे आणि तिच्यामुळेच 40 वर्षांपूर्वीचे संच आजही दुरुस्त होतात. जपानी ट्रान्झिस्टरवर जागेअभावी सुरुवातीची अक्षरं छापत नाहीत. 'सी 1815' दिसला तर पूर्ण नंबर 2एससी 1815. त्यातला 'ए' किंवा 'बी' म्हणजे पीएनपी, 'सी' किंवा 'डी' म्हणजे एनपीएन (ट्रान्झिस्टरच्या या दोन उलट जाती), एवढं कळलं तरी शोध निम्म्यावर येतो. सी 1815 च्या जागी बहुतेक छोट्या कामांना बीसी 547 चालतो. मात्र सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर सी 1815 चे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असे असतात आणि बीसी 547 चे कलेक्टर, बेस, एमिटर असे. क्रम न बघता जसाच्या तसा बसवला तर संच चालणार नाही आणि दोष नव्या पार्टवर ढकलला जाईल. पाय वळवून, त्यांवर स्लीव्ह चढवून बसवावा लागतो.

बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे बीसी 148 ट्रान्झिस्टर कितीतरी भारतीय रेडिओंमध्ये आहेत. त्यांच्या जागी बीसी 548 येतो, पायांचा क्रम मीटरवर तपासून घेतला म्हणजे झालं. एसी 128 ची गोष्ट वेगळी. तो जर्मेनियमचा. त्याला बेस-एमिटरमध्ये साधारण 0.2 व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला 0.6 ते 0.7 लागतात. आउटपुटच्या जोडीत सरळ सिलिकॉन बसवला तर बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू करणारा सुरुवातीचा व्होल्टेज, अपुरा पडतो आणि हळू आवाजात गाणं फाटल्यासारखं येतं. बायसचे रेझिस्टर बदलले, किंवा तिथे डायोड घातला, तरच तो नीट चालतो. कुठला रेझिस्टर हे सर्किट हाती असेल तर लगेच दिसतं. सर्किट नसेल तर पीसीबीवरचा, म्हणजे सर्किटच्या पाटीवरचा, एकेक पट्टा शोधत बसायचं, आणि तेवढ्या वेळाची मजुरी कुठलंच गिऱ्हाईक देत नाही.

या शिस्तीला पहिलं खिंडार कंपन्यांनीच पाडलं. काही उत्पादक बाजारातलीच साधी आयसी घेतात आणि तिच्यावर स्वतःचा घरगुती नंबर छापून घेतात. आतला माल तोच, पण त्या नंबरावरून तो जगात कुठेही सापडत नाही. दोन नंबरांची जोड सांगणारी एक ओळ सर्व्हिस मॅन्युअलमध्ये, म्हणजे कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात, असते आणि मॅन्युअल फक्त अधिकृत केंद्राकडे. अशा वेळी तुटवडा असतो तो त्या एका ओळीचा.

नंबरच नसलेल्या भागांचे हाल याहून वाईट. गिअरचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. डेकमधले आणि सीडी प्लेअरमधले छोटे गिअर बहुधा ॲसिटल प्लॅस्टिकचे असतात आणि धातूच्या शाफ्टवर दाबून बसवलेले. वर्षानुवर्षं प्लॅस्टिक आकसतं, शाफ्ट आकसत नाही, म्हणून गिअर दोन दातांमधल्या खाचेत चिरतो, कारण तिथेच भिंत सर्वांत पातळ. चीर उघडली की तिथल्या दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक' असा आवाज येतो, किंवा दात निसटतो. चिकटवून उपयोग होत नाही. झटपट चिकटणारा गोंद ॲसिटलला धरत नाही आणि शाफ्टचा ताण चीर पुन्हा उघडतो. वर गोंद दातात गेला तर शेजारचा चांगला गिअरही खराब.

बदली गिअर शोधायला चार मापं लागतात: दातांची संख्या, बाहेरचा व्यास, जाडी आणि भोकाचा व्यास. बाहेरच्या व्यासाला दातांची संख्या अधिक दोन यांनी भागलं की मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचा आकडा, निघतो. दात 22, व्यास 12 मिलिमीटर. 12 भागिले 24 म्हणजे 0.5. उत्तर 0.3, 0.4, 0.5, 0.6, 0.8 यांपैकी एखाद्या प्रमाण आकड्याजवळ यायला हवं. 0.51 किंवा 0.52 आलं तर घाबरायचं कारण नाही. चिरलेला गिअर किंचित फाकलेला असतो, म्हणून व्यास जास्त भरतो. दातांची संख्या विषम असेल तर व्हर्नियरचा एक जबडा दातावर आणि दुसरा खाचेच्या बाजूला येतो, माप कमी भरतं, ते लक्षात ठेवावं. 0.5 मॉड्यूलचे प्लॅस्टिक गिअर रोबोटिक्सच्या आणि प्रकल्पांच्या सामानाच्या दुकानांत पाकिटांनी मिळतात. 2 मिलिमीटरच्या शाफ्टला 1.95 चं भोक पुरतं. त्याहून घट्ट ठेवलं तर काही वर्षांनी तोही चिरणार. दुमजली गिअर असेल, म्हणजे एकाच तुकड्यावर मोठा आणि छोटा, तर मात्र पाकिटातून सुटका नाही, तो करूनच घ्यावा लागतो.

इथे थ्रीडी प्रिंटिंगचं नाव निघतं आणि त्याबद्दल भलत्या अपेक्षाही असतात. साध्या 0.4 मिलिमीटर नोझलच्या प्रिंटरवर 0.5 मॉड्यूलचा दात धड उमटत नाही. वर पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, ॲम्प्लिफायरच्या शेजारी ते टिकत नाही. रेझिनच्या प्रिंटरवर दात सुरेख येतो, पण साधं रेझिन ठिसूळ असतं, त्यासाठी चिवट जातीचं रेझिन मागावं लागतं. चांगला उपाय म्हणजे ॲसिटलच्या सळईतून दात कापून घेणं. छोटं गिअर कटिंग करणारे वर्कशॉप पुण्या-मुंबईच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. त्यांना एक नग परवडत नाही, 50 परवडतात. आणि 50 नग काढायचे तर त्या डेकच्या 50 मालकांना एकच अचूक माप मिळालं पाहिजे. आज प्रत्येक जण आपापला तुटका, फाकलेला गिअर वेगळा मोजतो आहे. मूळ चित्र एकदा जगासमोर आलं तर ही मेहनत संपते.

बेल्टचं गणित सोपं आहे, तरी चुकतं. जुना बेल्ट मोजू नये, तो ताणलेला असतो. पुलींवरून बेल्टच्या वाटेने दोरा फिरवून लांबी घ्यावी आणि त्यातून सुमारे 5 टक्के वजा करावेत. दोरा 240 मिलिमीटर भरला तर बेल्ट 228 चा. काही विक्रेते बेल्ट व्यासावर विकतात, तेव्हा 3.14 ने भागून 72 ते 73. घट्ट घेतला तर मोटरच्या बुशवर भार येऊन गाणं डुलतं, सैल घेतला तर टेप ओढून घेणारी टेक-अपची रीळ फिरत नाही आणि टेप आत गुंडाळली जाते. चपटा बेल्ट मूळपेक्षा जाड घेतला तर मोटरच्या छोट्या पुलीचा परिणामी व्यास वाढतो आणि डेक वेगाने चालतो. कॅसेटचा वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर ठरलेला आहे. 3000 हर्ट्झच्या चाचणी टेपवर तो तपासून मोटरच्या मागच्या भोकातून बारीक स्क्रू-ड्रायव्हरने जुळवता येतो. डांबर झालेला जुना बेल्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुलीवरून पूर्ण काढला नाही, तर नवा बेल्टही घसरतो.

कंडेन्सरबद्दल थोडक्यात: क्षमता तीच, व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर, 105 अंशांचा आणि लो-ईएसआर, म्हणजे कमी अंतर्गत रोधाच्या, जातीचा. पायांमधलं अंतर आणि उंची जागेत मावली पाहिजे. साध्या मीटरवर क्षमता बरोबर दिसूनही ईएसआर वाढलेला असू शकतो, म्हणून नुसता मीटर लावून 'कंडेन्सर चांगला आहे' म्हणू नये. तापमान 10 अंशांनी कमी झालं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. त्यामुळे हीटसिंकला चिकटून 85 अंशांचा स्वस्त कंडेन्सर बसवणं म्हणजे तोच टीव्ही पुन्हा टेबलावर बोलावणं.

आता कायदा. भारतात पेटंटची मुदत 20 वर्षं. डिझाइन कायदा, 2000 नुसार नोंदलेल्या आकाराला 10 वर्षं संरक्षण, वाढवून 15. आणि त्या कायद्याच्या व्याख्येतूनच निव्वळ यांत्रिक रचना वगळलेली आहे. म्हणजे 25 वर्षांपूर्वीच्या डेकचा गिअर कुणीही बनवावा आणि विकावा, त्याला आडकाठी नाही. पण त्याच डेकचं सर्व्हिस मॅन्युअल कॉपीराइटखाली येतं आणि ती मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, निनावी लिखाणाला प्रसिद्धीनंतर 60 वर्षं. भाग मोकळा आणि भागाची माहिती कुलुपात, अशी ही विचित्र स्थिती. कागद सांभाळून ठेवणारे लोक तो उघडपणे वाटू शकत नाहीत आणि ज्याच्याकडे हक्क आहे त्या कंपनीला त्यात काडीचा रस नसतो. अनेकदा कंपनीच उरलेली नसते. छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनचं दिवाळखोरीचं प्रकरण 2018 मध्ये सुरू झालं. त्यांचे टीव्ही मात्र आजही लाखो घरांत असतील. दिवाळखोरीत यंत्रं, जमीन, ब्रँड यांचा लिलाव होतो. मॅन्युअलं आणि ड्रॉइंगं यांना कुणी बोली लावत नाही, ती कपाटासकट जातात.

सुटे भाग अडवणं गैर आहे, हे आपल्याकडे मान्य झालेलं आहे. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच मुद्द्यावर: अस्सल सुटे भाग, निदानाची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. पुढे दंडाच्या रकमेवरून अपिलं झाली, पण मोटारींपुरतं तत्त्व ठरलं. इलेक्ट्रॉनिक्सला ते अजून लागू झालेलं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केलं, आणि 2025 मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल आला. पावलं चांगली आहेत. पण त्यांची नजर नव्याने विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर आहे. नव्या मोबाइलला गुण मिळाल्याने 1998 चा डेक चालू होत नाही.

युरोपीय संघाने मार्च 2021 पासून टीव्हीसाठी नियम केला, त्यात 400 मायक्रोफॅरडच्या वरचे कंडेन्सर, आतला पॉवर सप्लाय, कनेक्टर हे भाग मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर 7 वर्षं व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना द्यायचे आहेत, आणि रिमोट व बाहेरचा ॲडॉप्टर ग्राहकालाही. एखाद्या कंडेन्सरचं नाव कायद्यात यावं, याचं मला कौतुक आहे. हे लिहिणाऱ्यांनी टीव्ही उघडून पाहिलेला आहे. तरीही 7 वर्षांनंतर काय, याचं उत्तर तिथेही अपुरंच. आपण ते देऊ शकतो, कारण त्यासाठी लागणारी दोन साधनं आपल्याकडे आधीच आहेत.

पहिलं साधन, 1954 चा ग्रंथप्रदान कायदा. भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवावी लागते, त्यांत मुंबईचंही आहे. सर्व्हिस मॅन्युअलला हाच नियम लावता येईल: मॉडेल बाजारात आलं की एक प्रत जमा, आणि कंपनीने पार्ट देणं थांबवलं किंवा कंपनी बुडाली की ती प्रत सर्वांना खुली. दुसरं, भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, मायक्रोवेव्ह अशा वस्तूंची नोंदणी करताना कंपन्या महत्त्वाच्या भागांची यादी आणि रचनेची माहिती देतातच. सरकारच्या फाइलीत ती आजही आहे. प्रश्न फक्त फाइल कधी उघडायची याचा आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा. तो खरा आहे, म्हणूनच माहिती खुली हवी. पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूचा आणि आउटपुटच्या बाजूचा भाग जोडणारा निळा वाय-कंडेन्सर असतो. त्याच्या जागी साधा 2 केव्हीचा सिरॅमिक बसवला आणि तो शॉर्ट झाला, तर ॲम्प्लिफायरच्या धातूच्या बॉडीत वीज उतरते. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर 1600 किंवा 2000 व्होल्टचा एक कंडेन्सर असतो. त्याची क्षमता मूळपेक्षा कमी घेतली तर ईएचटी, म्हणजे ट्यूबला लागणारा अतिउच्च व्होल्टेज, वाढते, ट्यूबवर ताण येतो आणि क्ष-किरणांचा धोकाही वाढतो. काही रेझिस्टर मुद्दाम फ्यूजसारखे जळावेत म्हणून घातलेले असतात. त्या जागी साधा जाड रेझिस्टर टाकला तर आग लागू शकते. मॅन्युअलमध्ये या भागांपुढे त्रिकोणात उद्गारचिन्ह असतं. जो मेकॅनिक मॅन्युअलशिवाय काम करतो, त्याला ते चिन्ह दिसतच नाही. माहिती दडवून दुरुस्ती थांबत नाही, ती आंधळी होते.

नकली मालाचंही तसंच. जुन्या आयसीचा नंबर घासून त्यावर हवा तो नंबर छापणारे आहेत. 2एन 3055 सारख्या पॉवर ट्रान्झिस्टरचं झाकण कापलं तर आत इवलीशी चिप निघते, ती भार येताच जाते. पण ही दुकानदारी फोफावते ती 'फक्त हाच नंबर चालेल' या अडवणुकीवर. पर्यायी नंबरांची अधिकृत यादी असेल तर आज तयार होणारा चांगल्या कंपनीचा ट्रान्झिस्टर घेता येईल आणि बंद पडलेल्या नंबराच्या मागे कुणी लागणार नाही.

काही भागांना माहितीनेही इलाज नाही, हे मान्य करायला हवं. प्रोग्राम आत कोरलेला मायक्रोकंट्रोलर, टीव्हीचा ईएचटी ट्रान्सफॉर्मर, कॅसेटचं हेड हे दुसऱ्या बंद संचातूनच काढावे लागतात. इथे ई-कचऱ्याचे नियम आडवे येतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांत दुरुस्ती आणि पुनर्वापराला जागा आहे, पण पुनर्चक्रणाच्या प्रमाणपत्रांचा हिशेब सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड यांच्या वजनावर चालतो. शाबूत ईएचटी त्यात तांब्याचा गोळा ठरतो आणि चांगला गिअर तर मोजलाच जात नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जो माणूस असे भाग काढून चादरीवर मांडतो, तो साखळीतलं सर्वांत उपयोगी काम करतो आणि कायद्याच्या कागदावर त्याला नाव नाही. चालू स्थितीत काढलेल्या भागांनाही त्या हिशेबात वजन द्यावं, आणि असे भाग काढणाऱ्या छोट्या माणसाला फुकट, एका पानाच्या अर्जावर नोंदणी मिळावी.

आणि करून घ्यायच्या भागांसाठी प्रत्येक जिल्ह्यातल्या एखाद्या आयटीआयला हे काम द्यावं. टर्नर आणि फिटरचे वर्ग तिथे आहेतच, बऱ्याच ठिकाणी लेथ-मिलिंग आहे. महिन्यातून एक दिवस लोकांनी तुटके भाग आणावेत, विद्यार्थ्यांनी ते मोजावेत आणि एका सामायिक नोंदीत टाकावेत. नोंद फार मोठी नको. संचाचं नाव आणि मॉडेल, भागाची जागा, दात 22, मॉड्यूल 0.5, जाडी 3, भोक 1.95, ॲसिटल, आणि शेवटी एक रकाना: कुठल्या कुठल्या दुसऱ्या संचांत हाच भाग बसतो.